चार मिनिटांना शंभर यार्ड

युद्धाआधी अँब्रोज टिंडल
डार्बीच्या कचेरीत गाड्यांचं वेळापत्रक आखायचा.
आता फ्लँडर्समध्ये, चिखलाखालच्या खोलीत,
तोफांचं आखतो.

चार मिनिटांना शंभर यार्ड.
आगीचा पडदा पुढे सरकत जाईल
आणि त्याच्या अगदी पाठोपाठ पायदळ.
पेन्सिल तीच, पट्टी तीच;
फक्त ही चुकली
तर पुढची गाडी नाही.

पलीकडे, टेकडीच्या मागे,
क्लेमेन्स रीडेल नकाशावर वाकलाय.
पहिली रांग त्याने रबराने खोडलीय:
तिथे चार मशीनगन, बाकी शुकशुकाट.
येऊ द्या आत. दमू द्या.
मग मागून झडप.
भिजवलेल्या पिठात बोट रुतावं तसं,
तो सांगतो, आणि मध्येच थांबतो.
घरी पीठ नाही. समुद्र अडवलाय त्यांनी.
आईचं पत्र येतं, त्यात नुसते सलगम.

दोघांचंही गणित बरोबर होतं.

पहाटे पाऊस.
टिंडलच्या तक्त्यात पावसाला रकाना नव्हता.
माणसं मांडीपर्यंत रुतली,
एकेक बूट उपसत राहिली,
आणि पडदा निघून गेला पुढे,
रिकाम्या खंदकांवरून,
एक मिनिटही उशीर न करता.
मग टेकडीमागून रीडेलचे लोक उठले.

रात्री वरून निरोप:
तक्ता चोख. परवासाठी
शंभर यार्डांना सहा मिनिटं धरा.

टिंडलने पेन्सिलीला टोक काढलं.
ताज्या लाकडाचा वास आला,
डार्बीतल्या सकाळसारखा,
आणि त्याने खिडकीकडे पाहिलं,
जी तिथे नव्हती.