रेघेच्या वर

शाहूपुरीत, आमच्या दुकानाखाली
अकरा पायऱ्या उतरल्या की तळघर.
आधी गुळाचं गोडाऊन होतं.
महापुरात ढेपा विरघळल्या,
आम्ही गोड पाणी उपसत होतो, पंपाच्या तोंडाशी मुंग्यांची रांग,
आणि भिंतीवर, माझ्या कमरेच्या चार बोटं वर,
एक तपकिरी रेघ.
तीनदा चुना दिला. रेघ वर येतेच.

शालननं भिशी उचलली. बावीस हजार.
म्हणाली, "यातच बसवायचं. तेविसावा मागायचा नाही."
मी वहीत लिहिलं, प्रोजेक्टर.
मग त्याच्या आधी लिहिलं, जुना.

तो मिळाला भूपाल मगदूमच्या बंद पडलेल्या क्लासमधून.
सात वर्षं त्यानं नुसती त्रिकोणमिती दाखवली.
लेन्स पुसताना भूपालचा हात थोडा रेंगाळला.
"सांभाळ बाबा. ह्यानं अजून एकबी हिरॉइन बघितलेली नाही."

ब्रॅकेट उद्यमनगरात, दस्तगीरच्या लेथवर,
भंगारातल्या बेअरिंगचं.
मजुरी विचारली तर म्हणाला,
"पुढची एक खुर्ची माझी. कायमची."

पडद्याशी गाडं अडलं.
दुकानातला घ्यायचा तर आठ हजार,
मग सिनेमा मुकाच बघावा लागला असता.
शिवतेजनं चौकातून उतरवलेला फ्लेक्स आणला,
कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा, बारा बाय सात.
उलटा ताणला. मागची बाजू पांढरीशुभ्र.
फक्त लख्ख उजेडाचं दृश्य आलं
की उजव्या कोपऱ्यात एक मिशी उमटते.
"सवय होईल," मी म्हणालो.
शालन म्हणाली, "भाऊंची झालीच की."

अंड्यांच्या ट्रेनं आवाज घुमायचा थांबत नाही,
हे अडीचशे ट्रे चिकटवल्यावर कळलं.
मग शालनच्या माहेरची वाकळ मागच्या भिंतीला टांगली
आणि आवाज एकदम खाली बसला,
पाव्हण्यासारखा, पाय पोटाशी घेऊन.

वायरिंगच्या दिवशी दस्तगीर
भिंतीसमोर बराच वेळ उभा होता.
त्याचं घर सुतारवाड्यात. पाणी आधी त्यांच्याकडं येतं, मग आमच्याकडं.
त्यानं रेघेवर हात ठेवला,
हातभर वर खडूनं खूण केली.
"बोर्ड, ॲम्प्लिफायर, समदं हिच्यावर."
"आणि खुर्च्या?"
खुर्च्या खालीच होत्या. दुसरीकडं कुठं असणार?
तो हसला नाही.
"आपल्याला पाय हायत."

रविवारी रस्सा हाणून नऊ जण खाली उतरलो.
दिवा मालवला. पंखा घुरघुरला.
पेनड्राइव्ह काही लागेना.
पडदाभर निळं, मधोमध बारीक अक्षरं: सिग्नल नाही.
शिवतेज मागं केबल काढत होता, घालत होता,
आणि तो निळा उजेड
पायऱ्यांवर चढला, मांड्यांवर आला,
भूपालच्या चष्म्यात भरला,
रेघ त्यात दिसेनाशी झाली.
कुणी बोललं नाही.
शालननं हळूच पाय
वर खुर्चीत ओढून घेतले.

मग खट्ट झालं, आणि चित्र लागलं.
कुणीतरी शिट्टी मारली, बहुतेक भूपालनंच.
हिरोच्या गालावरून एक खरी मुंगी निघाली,
सावकाश, मिशीच्या दिशेनं.
शालन माझ्या कानाशी आली.
"तीनशे चाळीस उरलेत."
"शेंगा सांग," मी म्हणालो.
तिनं शिवतेजला वर पाठवलं.
पाय काही खाली सोडले नाहीत.