सांदवाडी

दाभ्याच्या लेआउटात प्लॉट घेतला
तेव्हा कागदावर तो सपाट होता.
उतार कागदावर येत नाही.
तो येतो भाद्रपदात,
मागच्या दारापाशी पाणी टेकून बसतं
आणि कंटाळलं की उठतं,
वाटेतली माती काखेत मारून
खाली वैरागडेबाईंकडे जातं.

तीन वर्षं माती अशी गेली.
धुण्याचा दगड एका अंगाला कलला.
पायरीखाली कुत्री व्याली, इतकी पोकळी झाली.
तिसऱ्या वर्षी बाईंची भिंत फुगली,
पाच विटा पडल्या,
आणि बोलणं बंद झालं.

मी अजनीला आर.एम.एस.मध्ये
एकतीस वर्षं पत्रं खान्यांत टाकली,
रात्रीच्या गाडीआधी, उभ्या उभ्या.
चुकीच्या पत्त्यावर काही गेलं
की मला अजून झोप लागत नाही.

मे महिन्यात शामलाल मडावी आला.
बायको सुकवारा, दोन घमेली, एक धुम्मस,
आणि पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी.
एक टोक मी धरलं पायरीशी,
दुसरं त्यानं, जांभळीच्या बुडाशी.
"हलू नका जी, पाण्याले बसू द्या."
दोघं श्वास धरून उभे.
पाणी वरखाली झालं. मग बसलं.
त्यानं खिळ्यानं रेघ ओढली.
"घराकडची माती खचली,
मधात टेकाड झालं.
पाणी जाईन कुठून?"

पहाटे पाच ते नऊ काम.
नंतरचं ऊन कुणाला उभं राहू देत नाही.
काळ्या मातीच्या भेगांत
माझा हात मनगटापर्यंत जायचा, आत गार असायचं.
टेकाड छिललं. हिंगण्याचा मुरूम
घराच्या कडेला वीतभर थरांनी पसरला,
शिंपडला, कुटला, पुन्हा पसरला.
दहा फुटांमागे अडीच इंच उतार.
"एवढ्यानं काय होते?"
"एवढ्यानंच होते जी."
डोळ्यांना तो उतार दिसत नव्हता.
सुपारी ठेवली तर घरंगळत होती, एवढंच.

खालच्या अंगाला आडवा चर, त्यात गिट्टी.
सुकवारा खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवून म्हणाली,
"याच्यात काय लावता?"
वाळा, मी म्हटलं. दरवर्षी नवी ताटी.
ती हसली. "मेलेला लावता.
जिता लावून पाहा."
आषाढात तिनं गावाच्या नाल्यावरून ठोंब आणले,
चराच्या काठानं ओळीत खोचले,
दोन ठोंबांत टाचभर जागा सोडून.

श्रावणात चार दिवस झड लागली.
रात्री दोनला मी टॉर्च घेऊन मागच्या दारात.
पाणी पायरीपर्यंत आलं,
जुन्या सवयीनं जरा रेंगाळलं,
मग वळलं.
वाळ्याच्या बारक्या पात्यांपाशी
त्यानं काखेतली माती खाली ठेवली
आणि हात हलवत नालीकडे गेलं.
मी बत्ती विझवली तरी बराच वेळ तिथंच.

आश्विनात वैरागडेबाई भिंतीपलीकडून,
तोंड दुसरीकडे ठेवून:
"यंदा तुमचं पाणी नाही आलं."
"बंद केलं."
"अस्सं."
त्या केळींकडे बघत होत्या.
पडलेल्या पाच विटांशेजारी तीन केळी,
माझ्या तीन वर्षांच्या मातीत रुजलेल्या,
हे मला आत्ता दिसत होतं.
"दरसाल घड येत होता," बाई म्हणाल्या,
तक्रार होती की हिशेब, कळलं नाही.

दिवाळीआधी चर उपसला.
गाळ निघाला चार घमेली,
काळाभोर, लोण्यासारखा मऊ.
दोन जांभळीला टाकली.
उरलेली उचलून
त्या पाच विटांच्या खिंडारापाशी गेलो.
भिंत त्यांनीही बांधली नव्हती.

घमेलं खिंडारातून पुढे केलं.
बाईंनी आधी गाळ पाहिला,
चिमूट घेऊन चोळली,
मग म्हणाल्या,
"तिकडं ठेवा. अन् घमेलं धुऊन देईन उद्या."