चष्म्याला दोरी

आदल्या रात्रीच पाण्याच्या सहा बाटल्या फ्रीझरमध्ये आडव्या,
गळ्यापर्यंत न भरता, कारण बर्फ फुगतो,
बाटली तडकली की तेवढे पैसे गेले.
सकाळी त्या कूलरच्या तळाशी,
वर दशम्या, दह्याचा डबा, काकड्या.
बर्फाची पिशवी विकत घ्यायची नाही.
पहिल्या वर्षी लिंबूपाण्याच्या चार पेल्यांना जे मोजले
त्यात कोलंबसला आमची आठवड्याची भाजी आली असती.
तिथून ही वही सुरू झाली.

तिकिटं मार्चमध्येच. गेटवर कधीच नाही.
डॉलरच्या दुकानातले रेनकोट, घडी हातरुमालाएवढी;
आत तेच मिळतात, पाठीवर पार्कचं नाव छापून, दसपट.
झिपच्या पिशव्या: फोनला एक, ओल्या मोज्यांना एक,
आणि एक रिकामी. का ते विचारू नका, लागतेच.
गाडी लावली की खांबावरच्या अक्षराचा फोटो.
श्रीरंग म्हणाला होता, राहील की लक्षात.
त्या वर्षी रात्री अकराला आम्ही सव्वा तास
करड्या टोयोटांच्या शेतात फिरत होतो.

दुपारी मनगटावर शिक्का मारून बाहेर.
डांबराच्या वाफेत, उघड्या डिकीशी,
दशमी आणि शेंगदाण्याची चटणी.
शेजारच्या गाडीतली इंडियानाची आजी
सँडविचवरून नजर उचलते, ओळखीचं हसते.
आम्ही एकाच जातीच्या.
डिकीवाल्या.

लॉकर मात्र नाही.
प्रत्येक उंच पाळण्याच्या पायथ्याशी लॉकर, तासावर भाडं.
कशाला? मी आहे ना.
बारा उन्हाळे सँडस्कीच्या त्या हिरव्या बाकावर
मी लॉकर आहे.
टोप्या, चष्मे, श्रीरंगचं पाकीट,
एकदा निहारचा दात, टिश्यूत गुंडाळलेला,
आणि कुणीतरी अर्धा खाऊन दिलेलं सफरचंद,
जे कोणाचं ते अजून ठरलेलं नाही.
मान वर करून मी किंकाळ्यांतून आपली ओळखायला बघते.
सगळ्या सारख्याच असतात.

यंदा शाल्मली एकोणीसची.
उन्हाळाभर आइस्क्रीमच्या दुकानात गोळे काढून
उजवं मनगट दुखतं, सांगत नाही.
तिनं माझ्या खांद्यावरची बॅग उतरवली
स्टेशनवर हमाल उतरवतो तशी, न विचारता,
आणि लॉकरला स्वतःचं कार्ड टेकवलं.
"किती घेतले?"
"आई, चल."
"अगं, पण किती?"
दार लागलं. आत दोन केळी, चार रेनकोट,
ती रिकामी पिशवी.

रांगेत पाऊण तास
हातांचं काय करायचं ते मला सुचेना.
एकदा घडी घातली, एकदा कमरेवर ठेवले,
शेवटी शाल्मलीच्या दंडाला धरलं,
तिला वाटलं मी घाबरले.

साखळी कटकटत वर ओढू लागली
विहिरीतून भरली बादली यावी तसं आम्हाला,
आणि उजवीकडे एरी सरोवर.
एवढं मोठं. पलीकडचा काठच नाही.
बारा वर्षं याच्या उशाशी बसून
मला फक्त डोनटची गाडी दिसत होती.
डावीकडे पार्किंग. एफ, सतरा नंबर.
डिकीचं झाकण नीट लागलंय का, हे बघायला वाकले
तेवढ्यात खालचं सगळं गेलं.

एक किंकाळी माझी असावी.
खाली बाकावर ओळखायला कोणी नव्हतं.

परतताना गाडीत वही काढली.
पार्किंग. गॅस. लिंबूपाणी एक, निहारचा हट्ट.
लॉकर, आणि पुढे रेघ.
जिला विचारायचं ती मागे झोपलेली, तोंड उघडं,
कपाळावर लाल टोपीचा वळ.
एका बाटलीत अजून बर्फाचा खडा वाजत होता.
मी रेघ तशीच ठेवली,
आणि पुढच्या वर्षाच्या पानावर लिहिलं:
दशम्या चार जास्त.
चष्म्याला दोरी.