नामी

माझा जन्म मिशनच्या दवाखान्यामागचा, जालन्यातला.
पप्पा कंपाउंडर. बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर
त्यांनी माझं नाव लिहिलं, पाळण्याला डकवलं.
खालची छापील ओळ तशीच राहिली:
नीट हलवून घेणे.

आमच्या गल्लीत कुणाला नवल नव्हतं.
हाबेल पंक्चर काढायचा,
यहोशवा लग्नात बँड वाजवायचा,
हन्ना तर तिघी होत्या: मोठी, काळी आणि टेलरची.
नामी मात्र मी एकटीच.

शाळेत हजेरी माझ्यापाशी अडायची.
‘नामी? नामी काय गं? युक्ती की संधी?’
वर्ग हसायचा. मीही.
रेशनवाले कादरचाचा म्हणायचे,
‘नामी तो वो, जिसका नाम हो.
तेरा क्या है, दो लिटर रॉकेल.’
मतदार यादीत मी निमा झाले,
आधारकार्डावर तर
सहा महिने नाभी होते.

पाळकसाहेबांना एकदा विचारलं.
चहा बशीत ओतत म्हणाले, ‘इब्री आहे पोरी.
ते लोक उजवीकडून लिहितात, कादरसारखं.
अर्थ म्हणशील तर रम्य, गोड,
जवळ बसलं की बरं वाटावं अशी.’
मग बशी फुंकून, ‘म्हणजे आपलं नामीच की.’

तो शब्द वाळवंटातून, गलबतातून कुठून कुठून आला
आणि उतरला नेमका
स्वतःसारख्याच दिसणाऱ्या शब्दाच्या ओसरीवर.
रक्ताचं नातं काही नाही दोघांत.
तरी माझ्या एका ताटात जेवतात.

आता मी बियाण्याच्या कंपनीत लेबलं तपासते.
दर उन्हाळ्यात कपाशीच्या नव्या वाणांना
नावं ठेवायची बैठक असते
(आधी नावं द्यायची, मग ठेवायची).
साहेब म्हणतात, नाव असं पाहिजे
की मोंढ्यात चार माणसांत ओरडून मागता यावं.
एखादं दोन हंगाम पळतं,
पुढं त्याच नावाची पोती उंदीर कुरतडतात.
उगवण किती टक्के, ते पाकिटाच्या मागं असतं,
बारीक अक्षरात.

मार्चात पुण्याहून अबनेरचा फोन.
‘अक्का, मुलगी झाली! आणि नाव पण ठरलं. नेओमी.
शलाकानं मोबाइलवर शोधलं,
बाहेर कुठल्या कुठल्या देशांत
पहिल्या शंभरात आहे म्हणे.
आपल्याकडं कुणाचंच नाही. वेगळंय ना?’
‘वेगळंय,’ मी म्हटलं.
बोलायला लागल्यापासून मी त्याची अक्काच.
माझं नाव घ्यायची त्याला
कधी गरजच पडली नाही.

बारसं इथंच केलं.
जालना सोने का पालना, म्हणतात लोक.
हा प्लास्टिकचा, भाड्याचा, फुगे लावलेला.
आत्या मी. कानात नाव सांगायचा मान माझा,
आणि पाठीवर बायकांचे गुद्देही.
वाकले तर दुधाचा, पावडरचा वास,
आणि पप्पांसारखी मिटलेली जिवणी.
कुर्रर्र केलं. सांगितलं.
तिनं जांभई दिली.
‘नीट सांगितलं ना?’ शलाका.
‘नीट सांगितलं.’

मग केकचा खोका उघडला.
यहोशवाच्या पोराची बेकरी.
फोनवर ऐकलं असेल त्यानं नाव,
वाटलं असेल, पुण्याकडचं बोलणं, चुकलं असेल,
म्हणून आपल्या मनानं दुरुस्त करून
गुलाबी क्रीमनं गिरवलेलं: नामी.

‘अय्या, चुकवलं की यानं!’ शलाका म्हणाली.
अबनेर काही बोलला नाही.
केकवरची दोन अक्षरं वाचली त्यानं.
परत वाचली.
मग मान वर केली
आणि माझ्याकडं असं बघितलं,
जसं दारावरची जुनी पाटी
कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसली.

मी सुरी पुढं केली.
त्यानं घेतली,
आणि अक्षरांना धक्का न लावता
कडेकडेनं कापत राहिला.