आ करा

चौतीस वर्षं सांगलीत, गणपती पेठेच्या कोपऱ्यावर,
मी लोकांच्या तोंडात बोटं घालून विचारलं,
मुलगी कितवीत? यंदा हळदीला भाव काय?
आणि त्यांनी जबडा ताणून, पंख्याकडे बघत
उत्तरं दिली, नुसत्या स्वरांत.
मला कळली असं मी दाखवत आले.

आता माझ्याच तोंडात रबराचा तुकडा,
दातांत घट्ट धरलेला,
आणि सहा मीटर खाली नर्मीन
बोटांनी काहीतरी विचारते आहे.
मी डोळ्यांनी आ करते.

दिब्ब्याला सोडायला विहंग आला होता, शारजाहून.
बोडक्या डोंगरांतून वाटभर एकच :
आई, फुकट काम करायला कुणी आखातात येतं?
फुकट कुठे, म्हटलं, मी पैसे भरलेत.
पुढचे तीस किलोमीटर तो बोलला नाही.

काम तसं ओळखीचं.
नांगरानं मोडलेले पोवळ्याचे तुकडे, करंगळीएवढे,
वेचायचे, सिमेंटच्या टिकल्यांवर बसवायचे.
दोन रंगांची लुकण एकत्र मळायची,
आवळायच्या आत लावायची,
धरून ठेवायचं, मनात साठ मोजत.
'चावा' म्हणायचं तेवढं राहतं.
मग दर मंगळवारी ब्रश. दातांचाच, मऊ केसांचा,
भोवतीचं शेवाळ घासायला,
बुडापासून वर, हलक्या हातानं.
हे मी किती हजार माणसांना सांगितलं,
ऐकलं कुणी नाही.
पोवळी ऐकतात. त्यांना कुठे जायचं नसतं.

होडी उबैदची.
त्याचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे,
नाकाला चिमटा, पायाला दगड, दोरीवर दुसऱ्याचा हात.
मी दाताची डॉक्टर हे कळलं त्या दिवशी
त्यानं सुकाणू सोडलं आणि तोंड उघडलं.
खालची डावी दाढ. मोबाइलच्या उजेडात बघितली.
गोड कमी करा, म्हटलं.
तो खदखदून हसला
आणि खजुरांचा डबा माझ्यापुढे धरला.

ऑगस्टात पाणी तापलं.
चौतीस, नर्मीननं पाटीवर लिहिलं. खाली दोन रेघा.

लग्न ठरलं की मुली यायच्या माझ्याकडे,
डॉक्टर, पांढरेशुभ्र करा, फोटोत दिसले पाहिजेत.
करायचे मी. चांगले पैसे घ्यायचे.
इथं फुकटात झालं.
चार नंबरचं ताट, पाच, मग सात आणि आठ एकाच आठवड्यात,
कुठल्याच नवरीचे नसतील इतके शुभ्र.
मासे येत राहिले,
बंद दुकानाशी जुनं गिऱ्हाईक यावं तसे.

मास्कमध्ये रडता येत नाही म्हणतात.
येतं.
मान वर करायची, कपाळाशी काच दाबायची,
नाकानं फुंकायचं, पाणी निघून जातं.
पहिल्याच दिवशी शिकवतात ते,
कशाचं पाणी हे विचारत नाहीत.

पांढरं म्हणजे मेलेलं नाही, वर आल्यावर नर्मीन म्हणाली.
उपाशी आहेत.
किती दिवस तग धरतील?
तिनं पायातले पंख काढून नीट जोडीनं ठेवले,
देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसे.

माझे तीन आठवडे केव्हाच संपले होते.
तिकीट पुढे ढकललं, मग आणखी पुढे.
विहंगचा फोन : तिथं करतेस तरी काय?
घासते, म्हटलं.

ऑक्टोबरात, सात नंबरच्या ताटात,
दोनशे बारा नंबरच्या तुकड्याला
बुडाशी एक डाग दिसला.
चहाच्या डागासारखा, तपकिरी, नखभर.
असला डाग चौतीस वर्षं मी
खरवडून काढत आले.

हात सवयीनं पुढे गेला.
ब्रश मागे घेतला.

नर्मीन बोटांनी विचारत होती, काय?
मी उत्तर दिलं, सगळं, सविस्तर,
नुसत्या स्वरांत.
बुडबुडे वर गेले, उबैदच्या होडीच्या बुडाशी फुटले.
तिला कळलं असं तिनं दाखवलं.