अठरा नंबरच्या वाटेवर

पहाटे साडेपाचला दंडावर आकडा लिहिला गेला, तीनशे सतरा.
पोटरीवर वय. त्रेपन्न.
लिहिणारा पोरगा माझ्याच बसने शाळेत जायचा.
त्याने मान वर केली नाही,
मलाही बरं वाटलं.

ओतेपाच्या तळ्याचं पाणी चहाच्या रंगाचं,
दलदलीतून येतं म्हणून. हात बुडवला की बोटं तांबूस होतात,
आणखी खोल गेला की हातच नाही.
भाड्याचा रबरी पोशाख मानेला काचत होता.
भोंगा वाजला आणि दोनशे माणसं एकदम पाण्यात शिरली,
दार उघडल्यावर शिरतात तशी,
कोपरं पुढे करून.
कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर.
सेहेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले मी,
पाठीसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.
अजून श्वास डावीकडेच घेता येतो.
डावीकडे लव्हाळी, लव्हाळी, एक बदक, लव्हाळी.
नारिंगी फुगा जवळ येतच नव्हता,
मग एकदम नाकावर आला.

ओल्या पायात मोजा चढत नाही.
कुणी तरी हे शाळेत शिकवायला हवं होतं.

पण पुढचे चाळीस किलोमीटर माझे,
माझ्याच अठरा नंबरच्या वाटेचे.
कुठे डांबर फुगलंय, कुठे हरणं आडवी येतात,
सगळं हातांना पाठ.
चौदा वर्षं गिरणीचा चढ मी
तिसऱ्या गियरमध्ये, सूर्यफुलाच्या बिया चावत चढले.
आज कळलं, त्याला वजन आहे.
आज तो मांड्यांत येऊन बसला,
तिकीट न काढता.

थांबा आला की उजवा हात आपोआप उठायचा
दाराच्या बटणाकडे.
दूधडेअरी. उठला. जुनी शाळा. उठला.
लोक उभे होते, पातेली बडवत,
आणि मी एकालाही आत घेतलं नाही.

पाइनच्या वळणावर एल्मार.
रविवारचा कोट, हातात पिशवी,
पिशवीत बरणी, बरणीत सूप.
बायको वाल्गाच्या शुश्रूषागृहात असते,
तिथलं सूप तिला पाणचट लागतं.
रस्ता बंद असल्याचा कागद खांबावर होता,
मीच चिकटवलेला, शुक्रवारी,
त्याला दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांचा.

पुढे गेले. दोनशे मीटर.
मग ब्रेक दाबले.

"दोन वाजेपर्यंत बस नाही, एल्मार."
त्याने आवाज ओळखला, मला नाही.
चौदा वर्षं त्याने माझी मानच पाहिलेली.
हेल्मेटपासून बघत बघत खाली आला,
आणि म्हणाला, "अगं उर्वे, तुला पाय आहेत!"
मग जरा चिडून,
"आणि गाडी कुठे ठेवलीस?"

समोरच्या घरातून तीउला हाका मारल्या.
मागच्या कच्च्या वाटेने सोडते म्हणाली,
किल्ली सापडू दे.
किल्ली सापडली.
सहा मिनिटं. मोजली मी,
उशिराचे पैसे कापतात, सवय आहे.

धावण्याबद्दल काय सांगू.
गुडघे दुसऱ्या कुणाचे तरी होते.
पाण्याच्या टेबलाशी शेवटी खारवलेल्या काकड्याच उरल्या होत्या,
बरणी तोंडाला लावून त्यांचं पाणी प्यायले.
माझ्यामागे एकटाच रीगाचा दंतवैद्य,
दर वळणावर माफी मागत होता,
कुणाची, ते कळलं नाही.
कमानीशी पोचले तेव्हा दोघेजण
तिच्यातली हवा काढायची का, यावर वाद घालत होते.
मुदत चार तासांची.
मला चार तास चार मिनिटं.
यादीत नाव नाही. पदक मात्र दिलं,
खोक्यात उरलं होतं.

सोमवारी सहाला बसची पायरी
आडवी होऊन, कठडा धरून चढले.
पाइनच्या वळणावर कुणी नव्हतं,
एल्मार रविवारचाच.
तरी दार उघडलं. थोडं थांबले. मिटलं.

गिरणीचा चढ. तिसरा गियर.
पँटच्या आत त्रेपन्न अजून पुसलं नव्हतं,
आणि क्लचवर डावा पाय थरथरत होता,
मागच्यांना दिसत नाही तिथे.