जलरेषा

ग्दिनियात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं जुन्या गेम कन्सोलचं दुकान.
हिशोब सोपा आहे:
मूळ करडा रंग, तीनशे झ्लॉटी.
उन्हाने पिवळा पडलेला, दोनशे दहा.
कुणी हौसेने रंगवलेला असेल
तर आधी रंगाचे पैसे वजा,
मग हौसेचे.

ज्वाळा पाहिल्यात, कवट्या पाहिल्यात.
एकाने आपला कुत्रा काढला होता,
तो दिसायचा त्याच्या मेव्हण्यासारखा.
ऐंशीला गेला.
मेव्हण्यानेच नेला.

फेब्रुवारीत मिरोस्वावाबाई आल्या,
टॉवेलात गुंडाळलेला एक कन्सोल घेऊन.
खाली तांबडा, वर करडा,
मधे पांढरी रेघ, कुठेही न थरथरलेली.
कडेला चढते आकडे, दोन चार सहा आठ,
जहाज किती बुडालंय ते सांगणारे.

नवरा तादेउश गोदीत रंगारी होता.
एकतीस वर्षं जहाजांची पोटं रंगवली,
डब्यांच्या तळाशी उरलेलं घरी आणलं.
“म्हणजे चोरलंच,” बाई म्हणाल्या,
“पण गोदीने त्याची फुप्फुसं ठेवून घेतली.
फिटंफाट.”

मी म्हणालो, एकशे चाळीस.
त्यांनी घासाघीस केली नाही.
केली असती तर बरं झालं असतं.
पैसे मोजले, आणि टॉवेल
चार घड्या घालून परत नेला.

रात्री कापसावर थिनर घेऊन
मी मागचा कोपरा पुसला.
तांबड्याखाली निळा.
निळ्याखाली हिरवा, रणगाड्याचा.
हिरव्याखाली भलताच गुलाबी,
कुठल्या जहाजाचा तो, देव जाणे,
की कुठल्या वाढदिवसाचा.
नखाएवढ्या जागेत
एक मुलगा मोठा होत गेला होता
आणि दरवेळी बाप विचारत होता,
आता कोणता?

कापूस टाकून दिला.
कोपरा तसाच राहिला, उघडा.
आता तो ना मूळ, ना रंगवलेला.
माझ्या हिशोबात असल्या मालाला रकाना नाही.

मार्चमध्ये ब्रेमेनचा डेत्लेफ आला.
त्याने रंगाकडे पाहिलंच नाही,
उलटा केला, भिंग लावलं:
चारही स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजलेल्या.
“म्हणजे हा कधी कुणी उघडला नाही,”
तो कुजबुजला, देवळात बोलावं तसं.
“सहाशे. फक्त आतलं.
कवच माझ्याकडे आहे, कोरं करडं.
हे तुम्ही फेका.”

सुईने खाचा मोकळ्या केल्या.
आतून निघाली हिरवी पाटी, लखलखीत,
जणू कालच कारखान्यातून आलेली.
ती गेली ब्रेमेनला, फुग्यांच्या प्लास्टिकमधे.
मी सहाशे घेतले.
घेतले, नाही कशाला म्हणू.
दुकानाचं भाडं
कोपऱ्यातला गुलाबी बघून कमी होत नाही.

फेकवलं मात्र नाही.
कवच पुन्हा जुळवून काउंटरवर ठेवलं,
फटीतून सुटे पैसे टाकायला.

ईस्टरच्या आधल्या दिवशी बाई आल्या.
बार्तोश नॉर्वेहून यायचा होता,
त्याला विचारायचं होतं, विकला का,
नसेल विकला तर.
वाक्य तिथेच सोडलं त्यांनी.

मी काही बोलायच्या आत
त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला.
नाणी खुळखुळली.
हात लागेल त्यापेक्षा वर गेले,
रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसे.

“हलका झालाय,” त्या म्हणाल्या.
मग आकड्यांवरून बोट फिरवलं,
आठ, सहा, चार, दोन,
पांढऱ्या रेघेवर थांबल्या.
“माल उतरवला की जहाज वर येतं.
तेव्हाच तादेउशला काम मिळायचं.
भरलेल्या जहाजाचं पोट कोण रंगवणार?”

किती, त्यांनी विचारलं.

मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
त्याच्यावर आधीचाच आकडा होता,
सहाशे वजा एकशे चाळीस.
तो पुसला
आणि कुठलंच बटण न दाबता
बराच वेळ शून्याकडे बघत राहिलो.

बाईंनी पिशवीतून टॉवेल काढला.
तोच.